मिल ग्रोव्हचा चांदीचा धागा

पक्ष्याच्या पायात खूण अडकवून त्याचा माग काढण्याची पद्धत अमेरिकेत कोणी सुरू केली, असे विचारले की मी वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो: जॉन जेम्स ऑड्युबॉन, मिल ग्रोव्ह, 1804. व्याख्यानांतून सांगितले, लिहिलेही. आज ते दुरुस्त करायचे आहे.

मिल ग्रोव्ह हे पेनसिल्व्हेनियात पर्किओमेन ओढ्याकाठी 1762 साली बांधलेले दगडी घर. ऑड्युबॉनच्या फ्रेंच दर्यावर्दी वडिलांनी ते 1789 मध्ये घेतले आणि नेपोलियनच्या सैन्यभरतीतून वाचवण्यासाठी 1803 मध्ये अठरा वर्षांच्या मुलाला तिथे धाडले. मुलगा शेतीत रमला नाही. टिपलेले पक्षी तारांनी जिवंतपणीच्या ढबीत उभे करून तो चित्रे काढू लागला. त्यातूनच पुढे 'द बर्ड्‌स ऑफ अमेरिका' हा 435 चित्रांचा ग्रंथ झाला. 1951 मध्ये माँटगोमेरी परगण्याने घर विकत घेतले. आज तिथे त्याच्या चित्रांचे संग्रहालय आणि निसर्गकेंद्र आहे.

धाग्याची गोष्ट त्याने स्वतः 1834 मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी छापली. ओढ्याकाठच्या गुहेतल्या फीबी पक्ष्याच्या पिलांना त्याने चांदीचा धागा बांधला. पुढच्या वर्षी त्यांतली दोन धाग्यासह परतलेली दिसली. पण 'पुढचे वर्ष' म्हणजे 1805 चा वसंत. ऑड्युबॉन त्या मार्चमध्ये फ्रान्सला निघाला आणि 1806 मध्ये परतला. ही विसंगती 2018 मध्ये एका अभ्यासकाने दाखवून दिली. शिवाय फीबीची फार थोडी पिले जन्मस्थळी परततात.

तारखा माझ्याही टिपणवहीत होत्या, वेगवेगळ्या पानांवर. गोष्ट गोड होती, म्हणून मी त्या शेजारी मांडून पाहिल्या नाहीत. स्वतःच शिकलेल्या माणसाला हा धोका अधिक. चूक दाखवणारा गुरू शेजारी नसतो.

ऑड्युबॉनची चित्रे यामुळे उणी होत नाहीत. त्याने माणसे गुलाम म्हणून बाळगली होती, हेही लपवू नये. घर जपायचे तर सगळ्या खोल्या उघडाव्यात.

1899 मध्ये डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने क्रमांक आणि पत्ता कोरलेली धातूची कडी वापरली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची कडीही त्याच वळणाची. असे कडे कोणाच्याही हाती लागले तरी पडताळता येते. चांदीच्या धाग्यावर मात्र काहीच लिहिलेले नव्हते. होता तो फक्त सांगणाऱ्याचा शब्द.