गंगातीर आणि नाथसागर : एका वाङ्मयीन भूगोलाचा विचार

मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचा विचार करताना गोदावरीच्या मध्यखोऱ्याकडे वारंवार वळावे लागते. प्राकृत गाथांपासून नाथभागवतापर्यंतची दीड सहस्र वर्षांची परंपरा या खोऱ्याशी निगडित आहे. नेवाशापासून पैठणपर्यंतचा या खोऱ्याचा मोठा भाग आज जायकवाडी प्रकल्पाच्या जलाशयाखाली किंवा त्याच्या काठावर आहे. ‘नाथसागर’ हे या जलाशयाचे नाव एकनाथांच्या स्मरणार्थ दिलेले असल्यामुळे साहित्याचा आणि जलाशयाचा संबंध नावापुरता तरी सर्वांना ठाऊक असतो. तो संबंध नावापेक्षा पुष्कळच खोल आहे, आणि प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या परिसराचा विचार करावयाचा आहे.

१. जलाशयाचे स्वरूप

हैदराबाद संस्थानाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ बांधण्याचे योजिले होते. पुढे जागा बदलून पैठण निश्चित झाले; नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर असून उंची ४१ मीटरांच्या आसपास आहे. सांडव्याला २७ दरवाजे आहेत. जलाशयाची एकूण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे.

लांबी आणि उंची यांमधील हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. कोयनेसारखी अरुंद व खोल दरी येथे नाही. गोदावरी या भागात काळ्या जमिनीच्या सपाट प्रदेशातून संथपणे वाहते. त्यामुळे पाणी अडविण्यासाठी अतिशय लांब बांध घालावा लागला, आणि अडविलेले पाणी खोल न होता पसरट झाले. पूर्ण भरल्यावर ते सुमारे ३५० चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापते. ज्या सुपीक सपाटीमुळे येथे प्राचीन काळापासून दाट वस्ती झाली, त्याच सपाटीमुळे अनेक गावे बुडाली. बाधित गावांची संख्या ११८ सांगितली जाते.

२. ‘तीर’ ही कल्पना

पैठणचे प्राचीनत्व सर्वश्रुत आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेले नगर म्हणून त्याचा निर्देश येतो. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. हालाच्या सत्तसईमध्ये गोदावरी ‘गोला’ या नावाने येते. तेथे ती तीर्थ म्हणून क्वचितच दिसते. काठावरची वेतांची जाळी, झाडांच्या कुंजातील संकेतस्थाने, शेते, पूर आणि नदी उतरून जाण्याची वाट हे तिचे रूप आहे. गुणाढ्य आणि सातवाहन यांची कथासरित्सागरातील कथा प्रतिष्ठानशी निगडित आहे, आणि कोऊहलाच्या ‘लीलावई’चा नायकही सातवाहन राजा हालच आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त प्रतिष्ठानला स्थान दिले. यावरून या नगराची कीर्ती संप्रदायांच्या सीमा ओलांडून टिकल्याचे दिसते.

तेराव्या शतकात या परंपरेत मराठीचा प्रवेश होतो, आणि येथे ‘तीर’ या शब्दाला विशेष अर्थ प्राप्त होतो. महानुभाव ग्रंथांत ‘गंगातीर’ हा शब्द गोदावरीच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशाला उद्देशून येतो; म्हणजे तीर ही केवळ रेषा नसून तो एक प्रांत आहे. या भागातील लोक आजही गोदावरीला ‘गंगा’च म्हणतात, आणि ‘गंगथडी’ या शब्दात तीच कल्पना टिकून आहे.

ज्ञानेश्वरीच्या समाप्तीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, हा ग्रंथ नेवासे येथे सिद्ध झाला. नेवासे वसले आहे प्रवरेच्या काठी. प्रवरा पुढे टोके येथे गोदावरीस मिळते. तरीही ग्रंथान्ती स्थलनिर्देश करताना ज्ञानदेव गोदावरीच्या दक्षिण तीराचा उल्लेख करतात. गोदावरी ही त्या प्रदेशाची दिशा ठरविणारी मोजपट्टी होती, हे यावरून स्पष्ट होते. नेवाशाचा इतिहास ज्ञानेश्वरीपेक्षा फार मागे जातो. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ पासून झालेल्या उत्खननांत तेथे अश्मयुगापासून मराठा काळापर्यंतचे अवशेष उपलब्ध झाले.

एकनाथांच्या चरित्रपरंपरेतही नदीचे पात्र हे प्रसंगांचे घटनास्थळ आहे. भर दुपारी तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अंत्यज बालकाला नाथांनी उचलून घेतल्याची कथा सर्वपरिचित आहे. त्या कथेचा सारा अर्थ पात्राच्या भूगोलावर उभा आहे. नदीवर जाण्याची वाट सर्वांना एकच होती, परंतु पाण्याचे अधिकार वेगळे होते. मधले वाळवंट ही त्या भेदांच्या मधली जागा होती. परंपरेप्रमाणे १५९९ मध्ये नाथांनी गोदावरीतच देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्या आजही त्याच पात्राच्या परिसरात उतरतात.

३. स्थानपोथी आणि बदललेले दिशासूत्र

या सर्व ग्रंथांत भूगोलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे महानुभावांची ‘स्थानपोथी’. चक्रधरांचे पैठण, नेवासे, डोमेग्राम आदी ठिकाणी वास्तव्य झाले. ‘लीळाचरित्रा’त त्या त्या स्थळी घडलेल्या लीळा आहेत, तर ‘स्थानपोथी’त ती स्थळे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, आसनाची जागा कोणती, नदी कोणत्या बाजूस आहे, असा तपशील तीत येतो. भाविकाला स्थान ओळखून तेथे नमस्कार करता यावा हा तिचा मूळ हेतू. परंतु आज यादवकालीन वस्तीचा आराखडा देणारे साधन म्हणून तिचे मोल फार मोठे आहे.

असे स्थलवर्णन वाचण्यासाठी वर्णिलेले दिशासूत्र जमिनीवर असावे लागते. नदी प्रवाहरूपाने वाहत असेल तर अलथडी, पैलथडी, डोह, उतार, संगम या शब्दांना निश्चित जागा असते. सुमारे ५५ किलोमीटर लांब व २७ किलोमीटरपर्यंत रुंद अशा जलाशयात त्या जागा नाहीशा होतात. टोके आणि कायगाव येथे नदी जलाशयाच्या फुगवट्यात मिसळते. टोक्याचे मराठेकालीन सिद्धेश्वर मंदिर संगमाची जागा अद्याप दाखविते. शेवगाव तालुक्यातील घोटण येथील मल्लिकार्जुनाचे यादवकालीन मंदिरही उभे आहे. मात्र बुडालेल्या गावांतील लहान देवळे, पार, ओटे आणि वाटा यांना अशी साक्ष उरली नाही.

पैठण नगराची स्थिती वेगळी आहे. ते धरणाच्या खालच्या अंगास असल्यामुळे बुडालेले नाही. जुन्या वस्तीची पांढर, नागघाट, तीर्थखांब आणि नाथसमाधी ही सर्व स्थळे पाहता येतात. परंतु तेथेही नदीचा स्वभाव पालटला आहे. एरवी पात्रात पाणी किती असावे हे धरणातील विसर्गावर अवलंबून असते. आणि ऑगस्ट २००६ प्रमाणे प्रचंड विसर्ग झाला की शहरात पाणी शिरते. गाथांतील ऋतुमानानुसार भरणारी व ओसरणारी गोला आता वरही नाही आणि खालीही नाही.

४. उथळ पाण्याची सृष्टी

जलाशयामुळे केवळ हानी झाली असे म्हणणे एकांगी होईल. मराठवाड्यातील विस्तीर्ण क्षेत्राला त्यामुळे कालव्याचे पाणी मिळाले आणि अनेक शहरांची तहान भागली. शिवाय पसरट व उथळ पाण्याने येथे एक नवीन निसर्ग निर्माण केला. पावसाळ्यानंतर पातळी जसजशी उतरते तसतसा काठचा चिखल उघडा पडतो. त्यात पाणवनस्पती, कीटक व शिंपले विपुल असतात. हिवाळ्यात तलवार बदके, पट्टकदंब, कांड्या करकोचे आणि रोहित पक्षी येथे उतरतात ते यामुळेच. १९८६ मध्ये सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले.

याच उघड्या पडलेल्या जमिनीवर काठचे लोक गाळपेर करतात. मागे सरणाऱ्या पाण्याच्या पाठोपाठ ओल्या गाळात बी टाकण्याची ही पद्धत नदीकाठच्या मळईच्या शेतीची आठवण करून देते. एकाच चिखलावर पक्ष्याचा चारा आहे, विस्थापिताचे पीक आहे आणि बुडालेल्या गावाचे जोतेही आहे. या तिहींचे हितसंबंध नेहमीच जुळतात असे नाही; त्यामुळे जतनाचा कोणताही विचार तिघांना एकत्र धरूनच करावा लागेल.

५. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पूर्वी स्थळाच्या आधारे ग्रंथ वाचला जात असे. नाथसागराच्या परिसरात आता ग्रंथाच्या आधारे स्थळ शोधावे लागते. ‘स्थानपोथी’ आणि ‘लीळाचरित्र’ यांतील स्थलनिर्देश, धरणापूर्वीचे मोजणीचे नकाशे आणि विस्थापित वृद्धांच्या आठवणीतील शेतांची, घाटांची व उतारांची नावे ही तीन साधने एकत्र ठेवली, तर गंगातीराचा बराचसा नकाशा पुन्हा मांडता येईल. यांपैकी ग्रंथ मुद्रित झाले आहेत आणि नकाशे दप्तरांत सुरक्षित राहू शकतात. आठवणी मात्र दरवर्षी कमी होत आहेत, आणि गाळ दरवर्षी वाढत आहे. म्हणून भाषा, पुरातत्त्व आणि पक्षिशास्त्र यांच्या अभ्यासकांनी पाणी उतरण्याच्या उन्हाळी महिन्यांत या परिसराची संयुक्त पाहणी करणे अगत्याचे आहे. तीत प्रथम नोंद व्हावी ती गावांच्या आणि घाटांच्या नावांची. कारण ती नावे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे.