नळीमागच्या रेषा

"सहा वर्षांच्या पोराले लखवा मारला," असं अकोटच्या बाजारात एक बाई सांगत होती. लखवा म्हाताऱ्यांचा, असंच आपण धरून चालतो. त्या पोराला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेत तपासणी आहे हे कळताच मी गेलो.

बोटाला सुई, थेंब नळीत, त्यात द्रावण. द्रावणाला जळलेल्या आगकाडीसारखा गंधकाचा वास. तो दुपारभर नाकातून गेला नाही. तंत्रज्ञ ताई नळी काळ्या रेषांच्या कागदासमोर धरायच्या. रेषा दिसल्या की पुढचं लेकरू. एका कोरकू मुलीची नळी गढूळ झाली, रेषा बुडाल्या. ताईंनी ती पुन्हा उजेडात धरली, मग वहीत नाव लिहिलं. मुलगी वाहक की रुग्ण, हे आता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची चाचणी सांगणार.

रुग्ण असेल तर पुढे काय, हे सोबतच्या डॉक्टरांना विचारलं. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे मेंदूच्या मोठ्या धमन्या आतून अरुंद होतात आणि तिथे रक्ताचा वेग वाढतो. कानशिलावर डॉपलर ठेवून तो मोजता येतो. सुई नाही, दुखणं नाही. "सेकंदाला 200 सेंटिमीटर," ते म्हणाले. त्यावर गेला तर लखव्याचा धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने तो धोका 90 टक्क्यांहून अधिक घटतो, हे 1998 साली अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्याही उपयोगी पडतात. आपल्याकडच्या रुग्णांत लखव्याचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने कमी आढळतं, पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे.

येऊ घातलेला लखवा आधी दिसावा, अशी संधी लहान मुलांत क्वचितच मिळते. हृदयातला जन्मजात दोष, मेंदूज्वर, मानेला मार, कांजिण्यांनंतर सुजलेल्या धमन्या, ही कारणं अनेकदा घाव बसल्यावरच उमगतात. सिकलसेलमध्ये मात्र मूल तपासणीत आधीच सापडलेलं असतं. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं लक्ष्य 7 कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. पण ताईंच्या वहीत वेगाचा रकानाच नव्हता. 200 हा आकडा त्या वहीत यायला हवा; नुसती नावं मोजून लेकरं वाचत नाहीत.

आणि आईबापांनो, लेकराचा एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली किंवा अंगाच्या एकाच बाजूला झटके आले, तर "वारं गेलं" म्हणून थांबू नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा, एमआरआयबद्दल विचारा आणि सिकलसेल असेल तर डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच सांगा.