घोड्याच्या किरकोळ जखमा व त्यांवरील घरगुती उपचार

धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारे भीमथडी तट्टू असो, माथेरानच्या चढणीवर प्रवासी वाहणारा घोडा असो, की सारंगखेड्याच्या बाजारातून नुकतीच आणलेली घोडी असो. अंगावर ओरखडे पडणे व खरचटणे ही त्याच्या बाबतीत नित्याची गोष्ट आहे. कुंपणाची काटेरी तार, पत्र्याची कड, बाभळीचा काटा, पिछाडीचा दोर यांपैकी काहीही त्यास कारण होते. अशा जखमांविषयी खेड्यापाड्यांत दोन टोकांची वागणूक आढळते. कोणी ‘आपोआप भरून येईल’ म्हणून तिकडे पाहतही नाही, तर कोणी तिच्यात चुना, राख, रॉकेल, फिनेल अथवा यंत्रातील जळके तेल भरतो. घोड्याची हानी दोहोंमुळेही होते.

जखमेच्या आकारावरून तिचे गांभीर्य ठरविणे ही मोठीच फसगत होय. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतके सहज बळी पडणारे दुसरे जनावर नाही. या रोगाच्या जंतूंचे बीजकण मातीत असतात, तसेच खुद्द घोड्याच्या लिदीतही असतात. म्हणजे तबेल्याची जमीन त्यांनी भरलेलीच समजावी. जेथे हवा पोचत नाही अशा अरुंद व खोल जखमेत हे जंतू वाढतात. वीतभर लांबीची पण उघडी जखम पाहून मालक घाबरतो आणि खिळ्याने पडलेले टिंबाएवढे छिद्र विसरून जातो. वस्तुतः धास्ती त्या छिद्राचीच अधिक बाळगावयास हवी. लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात. तोपर्यंत जखम भरूनही आलेली असते. घोडा लाकडी घोड्यासारखा पाय ताठ करून उभा राहतो, कान ताठरतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा पुढे येतो व शेवटी जबडा बसतो. या अवस्थेस पोचलेले बरेचसे घोडे दगावतात. यावर खरा उपाय प्रतिबंधक लस हाच आहे. पहिले दोन डोस ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी एक द्यावा आणि त्याची तारीख वहीत टिपून ठेवावी. लस न टोचलेल्या घोड्यास जखम झाल्यास ती कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडून धनुर्वातविरोधी इंजेक्शन द्यावे.

उपचारापूर्वी घोडा शांत करावा. त्याला आखूड बांधू नये. ओळखीच्या माणसाने मोहरकी धरून उपचार करणाऱ्याच्याच बाजूस उभे राहावे, म्हणजे घोडा बिचकला तरी दोघांपासून दूर सरकतो. पायाची जखम पाहताना गुडघे टेकून बसू नये, ओणवे राहावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर दाबून धरावी व पाच-दहा मिनिटे ती मुळीच उचलून पाहू नये. ३०० किलो वजनाच्या तट्टाच्या अंगात सुमारे २४ लिटर रक्त असते; तेव्हा पेलाभर रक्त सांडल्याने गडबडून जाण्याचे कारण नाही. मात्र रक्त चिळकांड्यांनी उडत असेल तर घडी तशीच दाबून ठेवून डॉक्टरांना बोलवावे.

घरगुती उपचारात धुण्याइतके महत्त्वाचे दुसरे काहीच नाही. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे मीठ विरघळवावे. आधी आपले हात साबणाने धुवावेत. जखमेच्या कडेचे केस कात्रीने कापावेत. कापताना जखमेवर ओले कापड ठेवल्यास केस आत पडत नाहीत. नंतर पाण्याची धार वरून सोडून माती, लीद, काटेकुटे वाहून जाऊ द्यावे. एक लिटर पाणी पुष्कळदा पुरत नाही. पाणी स्वच्छ निथळेपर्यंत धुवावे. कापसाने घासू नये, कारण त्याचे धागे आत अडकतात. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीनचे औषध पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. दाट औषध अधिक गुणकारी असते ही समजूत चुकीची आहे. ते नव्याने येणाऱ्या कोवळ्या मांसास जाळते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते खरे, पण तोही हेच करतो. हळदीविषयी लोकांची श्रद्धा मोठी आहे. परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते, व तिचा थर बसला की त्याखाली पू होतो आहे काय हे दिसत नाही.

अंगावरचे साधे खरचटणे उघडेच ठेवावे. माशांच्या दिवसांत कडेच्या कातडीवर कडुनिंबाचे तेल लावावे, जखमेत घालू नये. अळ्या दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गुडघ्याखालच्या जखमेची गोष्ट वेगळी आहे. तेथे कातडीखाली मांसल स्नायू नसतात, शिरा व हाडेच असतात. रक्तपुरवठा कमी व हालचाल अधिक. त्यामुळे जखम रेंगाळते आणि तिच्या तोंडाबाहेर लालभडक, दाणेदार मांस फोफावते. त्यावर मोरचूद लावण्याची जुनी रीत आहे, पण मोरचूद निरोगी कातडीसही खाते. या मांसात संवेदना नसल्याने कापताना घोडा हलत नाही, परंतु रक्त पुष्कळ जाते. म्हणून ते काम डॉक्टरांवरच सोपवावे.

खोगीर किंवा तंग लागून पडलेल्या घट्ट्यावर कोणतेही औषध विश्रांतीवाचून चालत नाही. कातडी पूर्ण भरून केस येऊ लागेपर्यंत त्या जागी ओझे टेकू देऊ नये.

पुढील प्रसंगी घरी वेळ दवडू नये. जखम सांध्याजवळ असून तीतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, जखमेच्या मानाने लंगडणे अधिक असेल, कड फाटून टाके घालण्याची गरज असेल, किंवा ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. टाके शक्यतो पहिल्या सहा-आठ तासांत पडावेत. टापेत खिळा शिरला असेल तर तो तसाच ठेवून डॉक्टरांची वाट पाहणे उत्तम. पाय टेकल्याने तो अधिक आत जाण्याचे भय असेल तरच काढावा, आणि त्याची जागा, खोली व तिरकेपणा ध्यानात ठेवून खिळा डॉक्टरांना दाखवावा.

पायावर किंवा अंगावर गाठींची माळ उठून त्या फुटत असतील व नाकातून चिकट स्राव येत असेल, तर ती जखम नव्हे. ग्लँडर्स रोगाचा संशय घ्यावा. २००६ साली हा रोग देशात पुन्हा उद्भवला. तो माणसासही होतो व प्राणघातक ठरतो. अशा घोड्यास उघड्या हाताने शिवू नये, त्याची बादली व खरारा दुसऱ्या घोड्यासाठी वापरू नये आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी वर्दी द्यावी.