सिरपची बाटली परत मागवली, हे तुमच्या फोनला कळतं का?

ॲपमध्ये बग सापडला की आम्ही इंजिनिअर लोक रात्रीतून अपडेट पाठवतो. सकाळी तुमच्या फोनमधलं ॲप दुरुस्त झालेलं असतं. कपाटातल्या सिरपच्या बाटलीचं तसं नसतं. ती धोकादायक निघाली तर घरातल्या कुणाला तरी ते कळावं लागतं आणि त्याने ती उचलून बाजूला ठेवावी लागते.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या नागपूरने याची किंमत पाहिली. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं किडनी निकामी होऊन इथल्या दवाखान्यांत येत होती. मध्य प्रदेशात 20 हून अधिक मुलं दगावली. कारण निघालं ‘कोल्ड्रिफ’ नावाचं कफ सिरप. तमिळनाडूच्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे 0.1 टक्का! 5 ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला: बॅच एसआर-13, उत्पादन मे 2025, मुदत एप्रिल 2027. ही बाटली असेल तर वापर लगेच थांबवा.

बॅच नंबर म्हणजे काय?

एकाच वेळी, एकाच कच्च्या मालातून तयार झालेल्या औषधाचा तो नंबर. ॲपच्या भाषेत सांगायचं तर व्हर्जन नंबर. औषध परत मागवताना बहुतेक वेळा बॅचच पाहिली जाते. म्हणून लेबल फाटलं किंवा नंबर पुसला गेला, तर ती बाटली यादीतली आहे की नाही हे तुम्हाला ठरवताच येणार नाही. मुदत संपलेली नाही म्हणजे औषध सुरक्षित, असंही नाही. एसआर-13 ची मुदत अजून दीड वर्ष बाकी होती.

मग क्यूआर कोड स्कॅन केला तर?

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक असतो. बाकी हजारो ब्रँडवर सक्ती नाही. शिवाय कोडमध्ये छापतानाची माहिती असते. नंतर बॅच परत मागवली गेली तर छापलेला कोड आपोआप बदलत नाही. म्हणजे स्कॅन करून ‘हे औषध कोण’ ते कळेल, ‘आज ते चालेल का’ याची खात्री मिळणार नाही.

तुम्ही काय कराल?

घरात लहान भाचा-पुतणी असेल तर फोन तुमच्याच हातात असतो, त्यामुळे हे काम तुमचं.

- औषध आणलं की लेबलचा आणि बिलाचा फोटो काढा. बॅच नंबर स्पष्ट दिसू द्या.
- खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच नंबर जुळतो का बघा. सील तुटलेलं असेल तर दुकानातच परत करा.
- व्हॉट्सॲपवर इशारा आला की फॉरवर्ड करण्याआधी केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी तिथे दर महिन्याला, बॅचसकट येते.
- बॅच जुळली तर बाटली फेकू नका, तो पुरावा आहे. अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या टोल फ्री नंबरवर कळवा.
- सिरप दिल्यावर बाळाची लघवी कमी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर गूगल करत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट डॉक्टरकडे जा.