ओव्हन तापत नाही, तेव्हा काय तपासावे?

कन्व्हेक्शन ओव्हनमधला विजेचा दोष बहुधा हीटर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा पंख्याच्या मोटरमध्ये सापडतो. प्लग काढून ओव्हन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. मायक्रोवेव्हची सोय असलेला ओव्हन मात्र घरी उघडूच नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण आत ऊब नाही, अशा वेळी पहिला संशय हीटरवर घ्यावा. आधी टर्मिनल नीट पाहावे. काळवंडलेली, सैल जोडणी हेच अनेकदा मूळ असते आणि नेमके तेच नजरेतून सुटते. मग वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. २३० व्होल्टच्या १००० वॉट हीटरचा रोध साधारण ५३ ओहम भरतो, थंड असताना किंचित कमी. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटलेली असते. टोक आणि धातूची बॉडी यांच्यात रोध कमी आला, तर विद्युतगळती आहे. असा हीटर बदलावाच.

केक एकाच बाजूने करपत असेल तर पंखा तपासावा. थर्मल फ्यूज उडाला असेल तर आधी कारण शोधावे आणि मग त्याच रेटिंगचा नवा बसवावा. तिथे साधी तार जोडून ओव्हन कधीही चालवू नये.