आधी बिघाड शोधा, मग टेप बदला

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीत पास झाली की पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणूनच २००८-१० च्या सुमारास घेतलेल्या वॅगनआर, सँट्रो, इंडिका आजही रस्त्यावर दिसतात. इंजिन ठणठणीत, कागदपत्रं चोख. पण गाणी लावायची म्हटलं की डॅशबोर्डवर मोबाइल उभा करून त्याच्याच इवल्याशा स्पीकरवर भागवायचं. गणपतीला कोकणात जाताना आठ-दहा तासांचा प्रवास असा का काढायचा?

त्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो. थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जायचं आणि मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवून घ्यायची. हजारो रुपये जातात आणि आवाज होता तसाच फाटका राहतो, कारण अनेकदा दोष टेपमध्ये, म्हणजे म्युझिक सेटमध्ये, नसतोच. तो दरवाजातल्या स्पीकरमध्ये असतो. जुन्या गाडीतले आवाजाचे बरेच बिघाड फुकटात किंवा शे-दोनशे रुपयांत निघतात. ते शोधायची पद्धत मात्र हवी.

बॅलन्स आणि फेडर

सुरुवात टेपवरच्या दोन सेटिंगपासून करा. बॅलन्सने आवाज डावीकडे-उजवीकडे सरकतो, फेडरने पुढे-मागे. एकेका कोपऱ्यात आवाज नेऊन ऐका. रेडिओवर चारही स्पीकर स्वच्छ वाजत असतील, तर दोष पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ किंवा केबलचा. एकच कोपरा खरखरत असेल, तर तो स्पीकर किंवा त्याची वायर बघा. चारही कोपरे गप्प असतील, तर आधी फ्यूज तपासा. एक फ्यूज गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो, दुसरा बहुधा टेपच्या पाठीमागे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा बसवा. जास्तीचा बसवला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल.

पेन ड्राइव्ह वाचत नाही

जुने सेट बहुतेक फक्त फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले ड्राइव्ह वाचतात. आज मिळणारे ६४ जीबीचे ड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये असतात आणि सेट ते ओळखतच नाही. ३२ जीबी किंवा त्याहून लहान ड्राइव्ह घ्या, संगणकावर फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी एमपी-थ्रीमध्ये भरा. आयफोनवाल्यांची एम-फोर-ए गाणी अनेक जुन्या सेटना चालत नाहीत. गाण्यांचा क्रम उलटसुलट येत असेल, तर गाणी हव्या त्या क्रमाने एकेक कॉपी करा. बरेच सेट नावाप्रमाणे न लावता कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतात.

ब्लूटूथवर फोन येतो पण गाणं वाजत नाही, ही तक्रारही नेहमीची. बोलण्यासाठी आणि संगीतासाठी ब्लूटूथची दोन वेगळी प्रोफाइल असतात. काही जुन्या सेटमध्ये फक्त बोलण्याचीच सोय आहे. तिथे सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. सेटला ऑक्स (केबलने मोबाइल जोडायचं सॉकेट) असेल, तर त्याला लागणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या, काम भागतं.

ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी शिट्टी

ऑक्सला मोबाइल लावला, शिवाय त्याच गाडीच्या सॉकेटवर चार्जिंगलाही लावला की बारीक शिट्टी सुरू होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. चार्जर काढून बघा. शिट्टी थांबली, तर दोन वाटांनी अर्थिंग मिळाल्यामुळे अल्टरनेटरचा आवाज गाण्यात शिरतोय. ऑक्सच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर जोडला की प्रश्न मिटतो.

गाडी बंद केली की सेट रेडिओची स्टेशनं विसरतो? बाहेरून घेतलेल्या सेटची पिवळी वायर कायम चालू असलेल्या बारा व्होल्टला आणि लाल वायर चावीच्या स्विचला जोडायची असते. या दोघींची अदलाबदल झाली की सेटची आठवण पुसली जाते. दोन्ही थेट बॅटरीवर दिल्या, तर सेट बंद करायचा राहिला की रात्रभरात बॅटरी उतरू शकते.

पाणी आणि स्पीकर

आपल्याकडे स्पीकरचा मोठा शत्रू पावसाळा. काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाजाच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ही भोकं चिखलाने बुजली किंवा आतला प्लास्टिकचा पडदा फाटला की कागदी कोन भिजून मऊ पडतो, त्याच्या कडेचा फोम झडतो.

स्पीकर जिवंत आहे का, हे पाहायला साधा दीड व्होल्टचा सेल पुरतो. टेपचा कप्लर (मागचा वायरींचा जोड) सोडवा आणि स्पीकरच्या दोन वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक् असा आवाज आला, तर स्पीकर आणि वायर दोन्ही ठीक. प्लसला प्लस जोडलं असेल तर कोन बाहेरच्या बाजूला उसळतो. एखाद्या स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या असतील, तर तो इतरांच्या विरुद्ध दिशेने हलतो आणि तबल्याचा, ढोलकीचा बायाँ गायब होतो. खर्च शून्य, फरक लगेच ऐकू येतो.

खर्च करायचाच असेल तर

आधी स्पीकर बदला. दरवाजातल्या जागेचं माप आणि खोली काच पूर्ण खाली घेऊन मोजा, नाहीतर काच स्पीकरच्या चुंबकावर अडकते. मग सेट. जुन्या गाड्यांतला खाचा अनेकदा १८० बाय ५० मिलिमीटरचा सिंगल डिन असतो. त्यात यूएसबी आणि ब्लूटूथवाला साधा सेट नीट बसतो. खोक्यावर ‘५० गुणिले ४ वॅट’ लिहिलेलं असलं, तरी सलग मिळणारी ताकद प्रत्येक स्पीकरला साधारण १५ ते २० वॅटच असते. खरेदी करताना आरएमएस, म्हणजे या सलग ताकदीचा, आकडाच बघा. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या वायरीला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. महागडा सेट बसवला, तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. त्याचा जादा हप्ता पडतो, पण चोरी झाल्यास दावा करता येतो.

दुकानदाराला एक अट मात्र आधीच घाला: गाडीची ओरिजिनल वायरिंग कापायची नाही, त्या मॉडेलचा कप्लर लावूनच सेट बसवायचा. कापून जोडलेल्या, टेप गुंडाळलेल्या वायरी पुढे लूज होतात, शॉर्ट होतात आणि डॅशबोर्डमागे धूर निघायलाही कारण ठरतात. कप्लरचे थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या.