पल्ला वाढवायचा कसा? सिटिझन्स बँड रेडिओतील भौतिकशास्त्र

२७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ‘सिटिझन्स बँड’ अमेरिकेत १९५८ साली सामान्य नागरिकांसाठी खुला झाला. भारतात २००५ च्या नियमांनुसार २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ५ वॅटपर्यंत शक्तीचा व अंगचाच अँटेना असलेला संच परवान्याशिवाय वापरता येतो. असा संच हाती आला की जिज्ञासू विद्यार्थी हमखास विचारतो : आतले स्क्रू फिरवून पल्ला वाढेल का? या प्रश्नाच्या उत्तरात पाठ्यपुस्तकातली बरीच प्रकरणे एकत्र येतात.

प्रथम ‘ट्यूनिंग’ म्हणजे काय ते पाहू. प्रकाशाच्या वेगाला २७ मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मिळते सुमारे ११ मीटर. तिच्या पाव लांबीचा, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपासचा अँटेना या वारंवारतेला अनुनाद देतो. हातातल्या संचाला एवढी काठी लावणे शक्य नाही. म्हणून आखूड अँटेनाला तारेचे वेटोळे जोडून उणीव भरून काढतात. हा मेळ नीट बसला नाही तर गजाला बांधलेल्या दोरीतील लहरीप्रमाणे काही शक्ती मागे परतते. स्थिरतरंग गुणोत्तर ३ असेल तर चौथा हिस्सा परत येतो, दीड असेल तर फक्त ४ टक्के. कारखान्यात हा मेळ साधलेला असतो. स्क्रू फिरवल्याने तो बहुधा बिघडतोच.

आता शक्ती वाढवण्याचा विचार करू. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. म्हणजे ५ चे १० वॅट केले तरी पल्ला फार तर १.४ पट वाढेल. जमिनीलगत घट याहून जलद होते, त्यामुळे लाभ आणखी कमी.

तोटा मात्र मोठा आहे. वर्धकावर कुवतीबाहेर ताण पडला की लहरींचा आकार विकृत होतो आणि दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या लहरी, म्हणजे हार्मोनिक, जोर धरतात. २७.१ ची चौपट १०८.४ मेगाहर्ट्झ. १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांना दिशा दाखवणाऱ्या संकेतांसाठी राखलेला आहे. सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली. गंमत म्हणून फिरवलेल्या स्क्रूचा संबंध कोणाच्या सुरक्षिततेशी पोहोचू शकतो, हे विद्यार्थ्यांना यावरून पटेल. शिवाय ५ वॅटची मर्यादा ओलांडलेला संच परवानामुक्त राहत नाही.

मग उपाय काय? उंची! मीटरमधील उंचीच्या वर्गमूळाला ४.१ ने गुणले की रेडिओक्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. दीड मीटरवर ते ५ किलोमीटर, तर १२ मीटर उंच गच्चीवर १४ किलोमीटर. इमारती व विद्युत् गोंगाटामुळे प्रत्यक्ष पल्ला कमी भरतो, पण सोलापूरसारख्या सपाट प्रदेशात गच्चीचा फायदा सहज जाणवतो. दोन संच घेऊन हा प्रयोग शाळेत अवश्य करून पाहावा.

संच उघडून शिकण्याची ज्यांना खरी ओढ आहे, त्यांनी हौशी रेडिओची, म्हणजे ‘हॅम’ची परीक्षा द्यावी. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते, आणि परवाना मिळाला की स्वतः संच बांधून प्रयोग करण्याची मुभाही मिळते.